जुनी सेलबोट देऊन नवी घ्यायची का? ट्रेलरवाल्यांसाठी सगळं क्रमाने

दरवर्षी फेब्रुवारीत, बोट शो उरकले की ओळखीतल्या दोन-तीन जणांचे फोन येतातच. "डीलर जुन्या बोटीचे साडेतीन हजार डॉलर देतोय, देऊन टाकू का?" मग मी विचारतो की कील (बोटीखालचं जड पातं) कधी तपासलात, ट्रेलरसकट वजन किती भरतं, ट्रेलरचं टायटल (मालकीचा कागद) कुठे ठेवलंय, मोटरचे वेगळे किती धरलेत? यातल्या एकाचंही उत्तर तयार नसतं. कारण सगळं उलट्या क्रमाने झालेलं असतं, आधी नवी बोट मनात भरली, मग डिपॉझिट देऊन टाकलं आणि आता जुनीचं काय करायचं हा विचार चाललाय. यात पैसे तर जातातच, पण काही जण चांगली बोट देऊन आपल्या कामाची नसलेली बोट घरी आणतात, ते मला जास्त लागतं.

मी मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या बाजूला राहतो, लेक सेंट क्लेअरवर जातो, बोट १९८७ ची कॅटालिना २२, स्विंग कीलवाली, म्हणजे कील वर उचलता येणारी. उदाहरणं तिचीच देतोय, पण १९ ते २६ फुटांची कुठलीही ट्रेलरवरची सेलबोट असेल तर क्रम हाच. टॅक्सचं मिशिगनचं सांगितलंय, आपल्या राज्याचं बघून घ्या.

सुरू करण्याआधी

ऑक्टोबरमध्ये बोट पाण्याबाहेर काढली की लगेच कामाला लागा, फेब्रुवारीची वाट बघू नका. एकदा सगळं गोठलं की डेकमधलं पाणी मॉइश्चर मीटरवर नीट दिसत नाही, मोटर चालवून बघता येत नाही, आणि बर्फात बोटीखाली वाकून बघायला कुणी जात नाही हे आपल्याला माहीत आहे. शिवाय वापरलेल्या बोटी ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्वस्त सुटतात, कारण विकणाऱ्याला हिवाळ्याचं स्टोरेज भरायचं नसतं. आपली विकायला मात्र एप्रिल-मे बरा.

जवळ ठेवा: वही, चांगला टॉर्च, प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर, मोजपट्टी, टिशू पेपर, जॅक आणि भक्कम स्टँड, बोटीचे नि ट्रेलरचे कागद.

पायरी १: मागचे दोन सीझन वहीत उतरवा

नवी बोट बघायला जाण्याआधी हे करायचं, नंतर नाही, कारण एकदा चकचकीत कॉकपिटमध्ये बसलात की आठवणीसुद्धा तिच्या बाजूने बोलायला लागतात.

किती वेळा गेलो, कुठे गेलो, बरोबर कोण होतं, रात्री बोटीवर झोपलो का, हे लिहा. फोनमधले फोटो तारखेने बघितलेत की बहुतेक सगळं सापडतं. त्याच्या शेजारी दुसरा रकाना करा, जायचं ठरवून गेलो नाही असे दिवस आणि प्रत्येकाचं कारण. हा दुसरा रकाना पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे आणि तोच कुणी लिहीत नाही.

मी लिहिलं तेव्हा दोन सीझनमध्ये १९ फेऱ्या निघाल्या, आणि न गेलेले ११ दिवस. त्या ११ पैकी ७ दिवसांसमोर एकच कारण होतं, मास्ट (डोलकाठी) उभी करायला दुसरं माणूस नव्हतं. मी तोपर्यंत धरून चाललो होतो की बोट जुनी झाली म्हणून जाणं होत नाही. नवी कॅटालिना घेतली असती तरी तिचीही डोलकाठी एकट्याला उचलता आली नसती. शेवटी एक जिन पोल करून घेतला, मास्टच्या पायाशी आडवा खांब, त्यावरून दोर मेनशीटच्या (मोठ्या शिडाच्या दोराच्या) पुलीतून कॉकपिटपर्यंत, नि दोन बाजूंनी मास्ट हलू नये म्हणून तात्पुरते दोर. खर्च दीडशे डॉलरच्या आत. पुढच्या सीझनला एकटा १२ वेळा गेलो.

आता कारणं दोन ढिगांत टाका. पहिला ढीग, बोट बदलल्याने सुटणारी: आत पाठ सरळ करून बसता येत नाही, मुलं मोठी झाली नि चौघं झोपायला मावत नाहीत, भारतातून आई-बाबा तीन-तीन महिने येतात त्यांना चढता-उतरता येत नाही नि आडोशाचं टॉयलेट नाही. दुसरा ढीग, बोट बदलून न सुटणारी: रॅम्प (बोट पाण्यात सोडायचा उतार) लांब आहे, शनिवारी मुलांचे क्लास, मास्ट लावायला वेळ लागतो, बरोबर यायला कुणी नाही. आई-बाबांचं कारण मी मुद्दाम लिहिलंय, आपल्याकडे बऱ्याच घरांत ते खरंच असतं आणि ते पूर्ण योग्य कारण आहे, फक्त आधी ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर) चांगली शिडी नि पोर्टा-पॉटी (उचलून नेता येणारं टॉयलेट) लावून एक उन्हाळा बघा.

तपासा: पहिल्या ढिगात ठोस एकही कारण नसेल तर पायरी ४ पर्यंत जा, बोट दुरुस्त करा आणि पुढच्या पायऱ्या यंदा सोडून द्या.

पायरी २: गाडी काय ओढू शकते

नाकापेक्षा मोती जड व्हायची पहिली जागा ही. आपल्या लोकांकडे सिएना किंवा ऑडिसी असते, दोन्हींची ओढायची मर्यादा साधारण ३,५०० पाउंड, तीसुद्धा हिच (गाडीला ट्रेलर जोडायचा हूक) वगैरे नीट बसवलेली असेल तर. आता कॅटालिना २२ चा कागदावरचा आकडा २,२५० पाउंडांच्या आसपास, त्यात ट्रेलर हजारेक, मोटर ६० ते १००, आणि नांगर, बॅटरी, पेट्रोल, कूलर, गाद्या, लाइफ जॅकेटं धरून आणखी ३००. म्हणजे ३,६०० च्या वर. ब्रोशर बघून "२,२५० म्हणजे आरामात" म्हणणाऱ्यांची चूक इथे होते.

१. बोट नेहमीसारखी भरून हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केलवर (ट्रक तोलायच्या काट्यावर) न्या. वीस डॉलरच्या आत काम होतं आणि छापील पावती मिळते. माझी ३,८४० भरली.

२. हिचवर येणारा भार एकूण वजनाच्या निदान १० टक्के हवा. कमी असेल तर साठाच्या स्पीडला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो.

३. मॅन्युअलमधला ओढायचा आकडा आणि हिचवर छापलेला आकडा, दोन्ही लिहा. यातला लहान आकडा तो तुमचा.

४. मनात जी नवी बोट आहे तिचंही गणित असंच मांडा. कॅटालिना २५० विंग कीलवाली (खाली पंखासारखा पसरट, न हलणारा कील) एकटीच ४,२०० पाउंडांच्या घरात आहे, ट्रेलर नि सामान धरलं की ५,००० ची हायलँडरसुद्धा पुरत नाही. म्हणजे बोटीबरोबर ट्रकही घ्यायचा, आणि तो खर्च बोटीच्या हिशोबात आलाच पाहिजे.

रुंदीपण बघा. ८ फूट ६ इंचाच्या वर गेली की रस्त्यावर परमिट लागतं. बरोब्बर ८ फूट ६ असलेली बोट कायद्यात बसते पण घराच्या ड्राइव्हवेत आणि गराजच्या दारात बसते का ते मोजपट्टीने बघा.

सावधान: ट्रेलरला ब्रेक आहेत आणि चालू आहेत का? बऱ्याच राज्यांत ३,००० पाउंडांच्या वर ते सक्तीचे आहेत. तुमच्या राज्यात नसले तरी इतकं वजन बिनब्रेकचं ओढू नका.

पायरी ३: आपली बोट परक्याच्या नजरेने तपासा

यावर सगळ्यात जास्त वेळ घाला, एक अख्खा शनिवार. डीलरचा माणूस किंवा सर्व्हेयर (बोट तपासून अहवाल देणारा) जे बघणार ते तुम्हाला आधी माहीत असलं पाहिजे, नाहीतर तो जे सांगेल ते ऐकून घ्यावं लागतं.

*कील.* स्विंग कीलचा ओतीव लोखंडी कील साधारण ५५० पाउंडांचा असतो आणि एका पिनवर झुलतो. नांगर टाकून थांबलेलं असताना लाटेबरोबर खालून "ठक्... ठक्" असा आवाज येत असेल तर पिन किंवा तिच्या आधाराच्या पट्ट्या झिजल्यात. ट्रेलरवर असताना कीलचं खालचं टोक धरून डावी-उजवीकडे हलवून बघा, थोडा खेळ असतो, पण बोटभर हलला तर काम निघालं. मग आत जाऊन विंच बघा, केबलचं टोक, तिची एखादी तार सुटलीये का, आणि केबल हलमधून (बोटीच्या खालच्या कवचातून) खाली जाते तिथल्या रबरी होजचे क्लॅम्प. या होजकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि तो फाटला तर पाणी सरळ बोटीत. कॅटालिना २२ च्या १५,००० हून जास्त बोटी बनल्यात, त्यामुळे हे सगळे भाग किट म्हणून आजही मिळतात. "जुनी आहे, आता पार्ट मिळणार नाहीत" हे कुणी म्हणालं तर निदान या बोटीबाबत ते खरं नाही.

सावधान: कील फक्त केबलवर लटकलेला असताना त्याच्याखाली हात किंवा डोकं घालू नका. आधी खालून लाकडी ठोकळ्यांचा आधार, मगच पिनला हात.

*डेक.* फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड किंवा बाल्सा असतं, आणि जिथे जिथे बोल्ट आरपार गेलाय तिथून पाणी आत शिरतं. आमच्याकडे ते हिवाळ्यात गोठतं, फुगतं, भेग वाढवतं, आणि पुढच्या वर्षी आणखी पाणी जातं. स्क्रूड्रायव्हर उलटा धरून मुठीने दर दोन इंचांवर ठोकत जा. कोरडा डेक टणटण वाजतो, ओला थप्प. माझ्या बोटीवर मास्टच्या पुढच्या बाजूला टण, टण, टण आणि मग एकदम मऊ थप्प, पोळपाटावरून गादीवर आल्यासारखं. खडूने कड आखत गेलो तर ताटाएवढा डाग निघाला, एका जुन्या क्लीटच्या (दोर बांधायच्या खुंटीच्या) चार भोकांभोवती. वरून रंगात काहीच दिसत नव्हतं. खडूच्या त्या आकृतीचा फोटो काढून ठेवा, दुरुस्तीवाल्याला तोच दाखवायचा. स्टँशन (कठड्याचे खांब), चेनप्लेट (मास्टच्या तारा अडकवायच्या पट्ट्या), हॅच (डेकवरचं झाकण) आणि मास्टचा पाय, या चार जागा सोडू नका.

*मास्टखाली.* पाऊस पडून गेल्यावर मास्टच्या पायाभोवती डबकं साठतं का? आतली पुढची दारं घासतात का? दोन्ही असेल तर खालचा आधार खचलाय, आणि हे साध्या मलमपट्टीचं काम नाही.

*रिगिंग.* मास्टला उभी धरणाऱ्या प्रत्येक तारेवरून टिशू पेपर फिरवा, जिथे अडकून फाटेल तिथे एक धागा तुटलाय. तारेची खालची टोकं बघा, पाणी तिथेच साठतं, बारीक उभी भेग किंवा गंज दिसला की ती तार बाद. गोड्या पाण्यातलं रिगिंग खाऱ्यापेक्षा जास्त टिकतं हे खरं, पण तारा कधी बदलल्या हे कुणालाच माहीत नसेल तर बदलायच्या असंच धरा.

*शिडं.* खिडकीत धरून उजेड आरपार बघा, टाके ओढून बघा. कापड कागदासारखं कडकडलं तर अजून जीव आहे, जुन्या सुती चादरीसारखं लोळत असेल तर वाऱ्यात आकार धरणार नाही. बोट हळू झाली म्हणून विकायला निघालेल्यांपैकी कित्येकांना खरं तर नवं मेनसेल आणि जिब (मोठं शीड आणि पुढचं शीड) हवं असतं, आणि तो खर्च नव्या बोटीच्या टॅक्सएवढासुद्धा नसतो कधीकधी.

*मोटर.* ड्रममध्ये पाणी भरून गार असतानाच सुरू करा, आधी गरम करून ठेवलेली मोटर काहीच सांगत नाही. मागून पाण्याची धार नीट येते का, स्लो स्पीडला टिकते का, कम्प्रेशन किती. इंपेलर (मोटर गार ठेवायला पाणी ओढणारा पंखा) कधी बदलला ते लिहा.

*ट्रेलर.* टायरवर 'डीओटी' या अक्षरांच्या पुढे शेवटचे चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी सहा वर्षांच्या पुढचा टायर बदला, बोटीचे टायर झिजून नाही तर उभ्या-उभ्या वय होऊन फुटतात. चाक जॅकवर उचलून फिरवा, खरखर आली किंवा वर-खाली धरून हलवल्यावर डुललं तर बेअरिंग. आमच्याकडे रस्त्यावरच्या मिठाने ब्रेकच्या नळ्या गंजून जातात, हाताने चाचपून बघा.

तपासा: या पायरीच्या शेवटी हातात निदान तीस-चाळीस फोटो आणि दोन पानं टिपणं हवीत. अर्धंच पान भरलं असेल तर परत एकदा बघा.

पायरी ४: दुरुस्तीची यादी तीन भागांत

पहिला भाग सुरक्षेचा, म्हणजे कील, रिगिंग, टायर, ब्रेक. हे बोट ठेवा किंवा विका, करायचंच. दुसरा भाग वापराचा, शिडं, डेकचा ओला डाग, मोटरची सर्व्हिस. तिसरा भाग दिसण्याचा, गाद्यांची कव्हरं, पॉलिश, हलचा रंग.

पहिल्या दोन भागांची किंमत काढा, जमलं तर दोन ठिकाणी विचारून. स्वतः करणार असाल तर तासही लिहा आणि खरे लिहा, शनिवार-रविवार मिळून आपले सहा तास निघतात, सोळा नाही.

इथली सगळ्यात महाग चूक म्हणजे विकायच्या आधी तिसऱ्या भागावर पैसे टाकणं. नव्या गाद्यांवर ८०० डॉलर घातले म्हणून ३५ वर्षांच्या बोटीचे ८०० जास्त येत नाहीत. धुणं, वास घालवणं, बिल्ज (तळाची पाणी साठायची जागा) कोरडी करणं आणि हलला एकदा वॅक्स, एवढं पुरे. ट्रेलरचे नवे टायर मात्र लावा, घेणाऱ्याला बोट त्याच दिवशी ओढून न्यायची असते.

पायरी ५: कागद

हे थोडक्यात. ट्रान्समच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातला एचआयएन (बोटीचा ओळख क्रमांक), बारा अक्षरांचा, टायटलवरच्या नंबरशी अक्षर न् अक्षर जुळतो का बघा. १९८४ च्या ऑगस्टनंतर बनलेल्या बोटींवर शेवटचे दोन आकडे म्हणजे मॉडेल वर्ष. मिशिगनमध्ये २० फूट आणि त्यावरच्या बोटीला टायटल लागतं. ट्रेलरचे कागद वेगळे, त्याचा नंबर वेगळा. आधीच्या मालकाचं कर्ज नोंदलेलं राहिलंय का तेही बघा, कर्ज फिटलेलं असतं पण कागदावरून उतरवलेलं नसतं.

माझ्या एका मित्राचा सौदा ट्रेलरपायी एप्रिलपासून जुलैपर्यंत अडकला, आधीच्या मालकाने टायटल दिलंच नव्हतं आणि तोवर तो दुसऱ्या राज्यात राहायला गेला होता. कागद ऑक्टोबरात मागवले असते तर सीझन वाचला असता.

पायरी ६: आपल्या बोटीची खरी किंमत

जे. डी. पॉवर आणि बक, वापरलेल्या बोटींचे भाव देणाऱ्या या दोन्ही ठिकाणी आकडा बघा, पण तो सुरुवातीचा धरा. जुन्या ट्रेलरबोटींची किंमत वर्षावर फारशी ठरत नाही, अवस्थेवर ठरते. २०० मैलांच्या आतल्या तशाच बोटींच्या जाहिराती सहा आठवडे रोज बघत राहा, किंमत मागितली किती याच्यापेक्षा ती जाहिरात किती दिवसांत गेली आणि मध्ये किती उतरली ते लिहा. सहा महिने तशीच पडलेली जाहिरात ही बाजारभाव नाही, ती त्या माणसाची इच्छा आहे.

बोट, ट्रेलर, मोटर, तिन्हींचे आकडे वेगळे लिहा. डीलरचा आकडा एकत्र येतो आणि त्यात चार वर्षांची चांगली फोर-स्ट्रोक मोटर फुकटात जाते. लांब शाफ्टच्या मोटरला वेगळं गिऱ्हाईक असतं, जुन्या बोटीवर ती सोन्यासारखी आहे. नव्या बोटीला तीच चालत असेल तर देऊच नका, फक्त शाफ्टची लांबी जुळते का बघा, २० की २५ इंच.

पायरी ७: आता नवी बोट बघा, आणि घड्याळ लावून बघा

"नवी" म्हणजे कोरी की दहा-पंधरा वर्षांनी नवी, ते आधी ठरवा. माझं मत विचाराल तर बहुतेकांसाठी दुसरा पर्याय बरा, कारण कोऱ्या बोटीची छापील किंमत ही बहुधा नुसत्या बोटीची असते, ट्रेलर, मोटर, कधीकधी शिडंसुद्धा, आणि फ्रेट, डीलरची जुळवणी, बॅटरी, नांगर, फेंडर हे सगळं वर चढत जातं. सगळं मिळून लेखी आकडा मागा.

बघायला गेलात की डीलरला सांगा, मास्ट उतरवलेल्या अवस्थेतून सुरू करू आणि शिडं चढेपर्यंत मी वेळ मोजणार. दोन पट्टीच्या माणसांनी २५ मिनिटं घेतली तर तुम्हाला नि शाळकरी मुलाला ५० लागतील. आपल्या बोटीला किती वेळ लागतो तोही मोजून ताडून बघा.

वॉटर बॅलास्टची (तळाच्या टाकीत पाणी भरून वजन मिळवणारी) बोट घेत असाल तर हे समजून घ्या. टाकीत पाणी भरलं की बोट ताठ उभी राहते आणि रॅम्पवर सोडलं की ओढायला हलकी, छोट्या गाडीवाल्यांना हे सोयीचं. पण टाकी रिकामी ठेवून किंवा अर्धी भरून, वर माणसं बसवून पाण्यात जायचं नाही. २००२ मध्ये लेक शॅम्प्लेनवर बॅलास्ट रिकामं नि माणसं जास्त अशी एक बोट उलटली आणि केबिनमध्ये अडकून दोन मुलं गेली. घरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला व्हॉल्व्ह दाखवा. आणि आमच्यासारख्या थंड भागात गोठण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करायची.

मॅकग्रेगर २६ एक्स किंवा एम बघत असाल तर ती मोठ्या मोटरवर जोरात पळते, शिडावर मात्र तुमच्या आत्ताच्या बोटीपेक्षा वाऱ्याच्या दिशेने कमी जाईल, दोन्ही चालवून बघा. कंपनी २०१३ मध्ये बंद झाली तरी भाग मिळतात, सुकाणूचे ब्रॅकेट नि कंट्रोलच्या केबली आधी बघा. कॅटालिना २२ चीच नवी आवृत्ती घ्यायची असेल तर १९९५ पासूनच्या मार्क टू मध्ये आत जागा बरी वाटते, पण रॅम्पवर विंग कील आणि स्विंग कील यात फार फरक आहे, विंग कीलला खोल पाणी लागतं. तुमच्या रॅम्पचं ऑगस्टमधलं पाणी बघा, मेमधलं नाही.

सावधान: मास्ट उभी करण्याआधी वर बघा. विजेच्या तारा. डीलरच्या यार्डात, रॅम्पवर, स्वतःच्या ड्राइव्हवेत, प्रत्येक वेळी, मास्ट उभी ठेवून बोट इकडून तिकडे हलवतानाही.

पायरी ८: डीलरशी बोलणी, दोन फेऱ्यांत

पहिल्या फेरीत जुन्या बोटीचा विषय काढायचाच नाही. "रोख घेतोय, टॅक्ससकट हातात पडेपर्यंत किती?" एवढंच, आणि तो आकडा लेखी घ्या. दुसऱ्या फेरीत, दोन-तीन दिवसांनी, "माझी बोट घेतलीत तर किती?" दोन्ही एकदम विचारलंत की जुनीला भाव चढवून देतात आणि नवीवरची सूट गुपचूप काढून घेतात, मग नुसती ट्रेड-इनची (जुन्या बोटीच्या बदल्यात वजा होणारी) रक्कम बघून आपण खूश.

आणखी एक, पंचवीस-तीस वर्षांच्या पुढची बोट बरेच डीलर ट्रेडमध्ये घेतच नाहीत, आम्ही विकून देतो म्हणतात, साधारण १० टक्के कमिशनवर. तो ट्रेड-इन नाही, त्यात टॅक्सचा फायदा मिळत नाही आणि बोट विकेपर्यंत स्टोरेज कोणाचं ते लिहून घ्यायला हवं.

टॅक्सचा फायदा म्हणजे काय ते बघा. मिशिगनमध्ये सेल्स टॅक्स ६ टक्के आणि टायटल असलेली बोट ट्रेडमध्ये दिली तर तिची किंमत वजा करून उरलेल्यावरच टॅक्स. कॅलिफोर्नियात अशी वजावट नाही, पूर्ण किमतीवर भरायचा.

हिशोब कळावा म्हणून गोल आकडे घेऊ. बोट २४,००० ची, ट्रेडमध्ये ३,५०० देतायत. उरले २०,५००, त्यावर टॅक्स १,२३०, एकूण २१,७३०.

आता ट्रेड न करता. रोखीने त्याने २२,८०० ला दिली, टॅक्स १,३६८, एकूण २४,१६८. जुनी तुम्ही स्वतः ६,००० ला विकलीत आणि टायर, जाहिरात, स्टोरेज यात ४०० गेले, म्हणजे हातात ५,६००. पडली १८,५६८ ला. फरक ३,१६२ डॉलर.

तोच डीलर ट्रेडमध्ये ५,००० द्यायला तयार झाला तर एकूण २०,१४० होतात आणि फरक १,५७२ वर येतो. त्या दीड हजारासाठी दहा-पंधरा अनोळखी माणसांना बोट दाखवायची, रविवार घालवायचे, ते नको वाटत असेल तर ट्रेड करा, त्यात काही चूक नाही. पण फरक काढल्यावर करा. आणि पायरी २ मध्ये ट्रक घ्यावा लागणार असं निघालं असेल तर तो इथेच मिळवा, जरा थांबून परत बघा.

तपासा: हातात आता तीन आकडे हवेत. बोट ठेवून दुरुस्तीला किती, ट्रेड करून किती, स्वतः विकून किती. तिसरा नसेल तर पहिल्या दोघांची तुलनाच अपुरी आहे. मी असं बघतो, पहिल्या ढिगातलं कारण ठोस असेल आणि जे रोख द्यायचे ते कर्ज न काढता देता येत असतील तर घ्या. कारण "ती जुनी झाली" एवढंच असेल तर ठेवा, फायबरची बोट नीट ठेवली तर आपल्या मुलांनाही पुरते.

पायरी ९: सही, चाचणी, ताबा

डिपॉझिट देताना कागदावर दोन अटी लिहून घ्या, सर्व्हे समाधानकारक हवा आणि पाण्यातली चाचणी समाधानकारक हवी, नाहीतर डिपॉझिट परत. सर्व्हेयर सॅम्स किंवा नॅम्स या सर्व्हेयरच्या संघटनांचा मान्यताप्राप्त असावा आणि तुम्ही नेमलेला असावा, डीलरने सुचवलेला नको. त्याची फी बोटीच्या फुटांवर असते, २२ फुटीला फार होत नाही. हिवाळ्यात सौदा झाला तर चाचणी मेपर्यंत होणार नाही, म्हणून काही रक्कम तोपर्यंत मागे ठेवायचं ठरवा आणि तेही लेखी.

इन्शुरन्स नव्या बोटीवर ताबा घ्यायच्या आधल्या दिवसापासून, जुन्या बोटीवरचा ती प्रत्यक्ष जाईपर्यंत चालू. मध्ये एका रात्रीचाही खंड नको, यार्डातून बाहेर काढतानाच अपघात होतात.

जुनी देण्याआधी उतरवून घ्यायचं: व्हीएचएफ रेडिओ, जीपीएस, नांगर, लाइफ जॅकेटं, जिन पोल, चांगले दोर, हिचचं कुलूप. पण जे तपासणीच्या वेळी बोटीवर होतं आणि किमतीत धरलं गेलं ते उतरवू नका, आधीच यादी करून दोघांच्या सह्या घ्या. विक्रीची पावती बोट आणि ट्रेलर यांची वेगवेगळी करा, दोन्हींवर तारीख नि वेळ लिहा आणि राज्याला विक्री कळवून टाका, म्हणजे उद्या नवा मालक ती कुठे सोडून गेला तर पत्र तुमच्या घरी येणार नाही.

नवी घरी आणायच्या दिवशी घाई करू नका. डीलरच्या यार्डातच, त्याचा माणूस शेजारी असताना, मास्ट तुम्ही स्वतः एकदा चढवा आणि उतरवा, प्रत्येक पिन आणि दोर कुठला कुठे जातो त्याचा व्हिडिओ घ्या, रंगीत टेप लावा. मग ट्रेलरचे नट आवळलेत का बघा, दिवे, साखळ्या, पट्टे. पन्नास मैलांनी थांबून चाकाच्या मधोमध हात लावा, कोमट असेल तर ठीक, हात टेकवत नसेल तर तिथेच थांबा आणि बेअरिंग बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.